साडूभाऊ आणि खात्रीचा प्रश्न

सर्व थोरामोठ्यांना, लेकीसुनांना आणि विशेषतः ज्यांच्या माळ्यावर अजूनही एखादा फुटका स्टोव्ह जपून ठेवलेला आहे अशा तमाम सज्जनांना मी अत्यंत गंभीरपणे, हात जोडून आणि संपूर्ण शुद्धीवर असताना जाहीर करतो की, आपण परभणी जिल्ह्यात होतो तेव्हापासून ते हिंगोली वेगळा झाला तोवर आणि त्यानंतरही, पैनगंगेच्या अलीकडे जन्मात एकही वस्तू न फेकलेला पुरुष एकच झाला, आणि तो माझा सख्खा साडू आहे. ही बाब सरकारदरबारी नोंदवली गेलेली नाही. कारण उघड आहे. नोंदवायला कुणी आलाच असता, तर साडूभाऊंनी आधी त्यालाच विचारलं असतं, "तुमी त्याच्यासाठीच आलात, खात्री हाय का?"

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्काचे, यजमान. गाव कुरुंदा, घरी थोडी हळद, नोकरी पाटबंधारे खात्यात कालव्यावर. अंगानं उंच आणि किडकिडीत. चालताना असे जपून पाऊल टाकायचे की जणू वाटेत कुणीतरी झोपलेलं आहे आणि ते उठलं तर घात होईल. भीती हा त्यांचा स्थायीभाव. वाघाची किंवा भुताची नव्हे, ती त्यांना फारशी वाटत नसे. त्यांना भीती वाटायची ती एखादी गोष्ट कायमची होण्याची. एसटीत चढले की कंडक्टरला विचारायचे, "वसमतलाच जाती ना? खात्री हाय?" एका कंडक्टरनं वैतागून सांगितलं होतं, "न्हाई, चंद्रावर जाती. उतरा." साडूभाऊ खरोखर उतरले. चंद्राच्या भीतीनं नव्हे, कंडक्टरची खात्री डळमळीत दिसली म्हणून.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं असं माझं मत. आयुष्यभर कालव्याची दारं उघडायची आणि लावायची, आणि प्रत्येक वेळी हात चाकावर ठेवून घाम फुटेपर्यंत उभं राहायचं. "पाव्हणं," ते मला सांगायचे, "दार उघडाया एक हिसका बास हाय. पन सोडलेलं पानी पुन्हा माघारी येत न्हाई. मंग तुमी कितीबी बोंबला." हा कालव्याचा नियम त्यांनी उभ्या संसाराला लावला होता. संपलेल्या रिफिली, जुनी कॅलेंडरं, छत्र्यांच्या काड्या, मेलेले सेल, लग्न होऊन नातवंडं झालेल्या लोकांच्या लग्नपत्रिका, सगळं घरात. सेल तर ते उन्हाळ्यात पापडांबरोबर गच्चीवर वाळत घालायचे. "ऊन खाल्लं की जीव धरतात." एकदा त्यांची उजव्या पायातली चप्पल कालव्यात वाहून गेली. डावी त्यांनी खुंटीला टांगून ठेवली. आक्कानं ती उकिरड्यावर टाकायचं म्हटलं तर म्हणाले, "कालव्यातली वस्तू कुठंतरी दाराला अडकतीच. थांब." आणि काय सांगू, खालच्या अंगाच्या एका चौकीदारानं खरंच एक चप्पल आणून दिली! ती डाव्याच पायाची होती, दुसऱ्याच कुणाची होती आणि एक बोट लांब होती. साडूभाऊंनी त्या दोन डाव्या चपला घालून एक पावसाळा काढला आणि कुणी हसलं की मोठ्या समाधानानं म्हणायचे, "आली का न्हाई?"

जे फेकायचं नाही ते ठेवायचं कुठं, याचंही त्यांचं एक शास्त्र होतं, आणि ते त्यांना त्यांच्या मायकडून मिळालेलं होतं. रझाकारीच्या दिवसांत गाव सोडून वऱ्हाडात पळायची पाळी आली, तेव्हा या माउलीनं आपली पुतळ्यांची माळ आणि लेकरांचे चांदीचे वाळे एका गाडग्यात घातले आणि गाडगं घरामागच्या उकिरड्यात पुरून वरून शेणाचा पो टाकला. महिन्यांनी परत आली तर घराची दारंसुद्धा कुणीतरी नेलेली. कणगी फोडलेली, चुलीखालची माती उकरलेली, आणि उकिरडा मात्र जसाच्या तसा, गाडगं पोटात घेऊन बसलेला. तेव्हापासून त्या घरात दोन कायदे लागू झाले. पहिला, "चोर कणगी उकरतो, उकिरडा न्हाई." दुसरा, "पुरलेली जागा तोंडानं सांगू न्हाई." साडूभाऊंनी हे दोन्ही कायदे असे पाळले की कपाटाची किल्ली बाजरीच्या भुशात आणि मनगटी घड्याळ भांडी घासायच्या राखेत. आक्कानं एकदा त्या घड्याळानं अर्धी परात घासली होती. घड्याळ चालू राहिलं, पण नंतर त्यातली वेळ बघायला मन धजेना इतकं ते खरबरीत झालं.

अशा घरात कॉम्प्युटर आला. साडूभाऊंची एकुलती एक पोरगी संगी शिकायला वसमतला जायची, तिच्यासाठी घेतलेला. त्याला हळदीच्या पोत्यांच्या खोलीत जागा मिळाली, त्यामुळे वर्षभरात तो नवरदेवासारखा पिवळा झाला. वरून मायच्या जुन्या इरकली लुगड्याचा तुकडा झाकलेला. संगीनं वडलांना माऊस धरायला शिकवलं. माणूस बुद्धीनं तल्लख, भराभर शिकला, पण एका ठिकाणी कायमचा अडला. काहीही पुसायला गेलं की ते यंत्र इंग्रजीत विचारायचं, तुम्हाला खात्री आहे का? साडूभाऊंचा हात जागीच थिजायचा. आयुष्यभर जगाला जो प्रश्न त्यांनी विचारला, तो त्यांना पहिल्यांदाच उलटा विचारला जात होता! "ह्याला काही तरी ठाव असल बरं," ते कुजबुजत. "उगं कोन इचारतं?" आणि 'नाही'वर टिचकी मारून, लुगडं झाकून, बाहेर येऊन पाणी पीत.

पुढं संगीचं लग्न झालं, ती परभणीला गेली आणि कॉम्प्युटर साडूभाऊंच्या ताब्यात आला. मासिकांबरोबर फुकट येणाऱ्या सीडीच्या तबकड्या शेजारच्या मास्तरांकडून आणून त्यातलं सगळं ते आत भरून ठेवू लागले. मोटारींचे अर्धवट खेळ, मासे पोहणारे पडदे, जर्मन भाषा शिकवणारं काहीतरी. "जर्मन कशाला, साडूभाऊ?" मी विचारलं. तर म्हणाले, "लागंल कवा तरी." कुरुंद्यात!

पण आता जरा जवळ या, कारण या सगळ्या पसाऱ्यात एक गोष्ट खरोखर मोलाची होती. त्या कॉम्प्युटरात साडूभाऊंच्या मायचा आवाज होता.

माय म्हणजे गावची पाळणा म्हणणारी. कुणाचंही बारसं असो, पाळण्याची दोरी दुसरीच्या हातात, पण गळा हिचा. ती थकली तेव्हा साडूभाऊंनी घरातल्या एका भजनाच्या कॅसेटवर तिचा पाळणा भरून घेतला. पुढं ती गेली. मग टेपरेकॉर्डरनं एक दिवस ती पट्टी गिळली. काढली, चिकटवली, पुन्हा गिळली. तेव्हा साडूभाऊंनी आख्खा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळला, एसटीत मांडीवर घेतला आणि नांदेडला नेला. शेजारच्या बाईनं गोधडीकडं बघून "मुलगा का मुलगी?" असं विचारल्याचं आक्का शपथेवर सांगते. तिथल्या दुकानदारानं उरलीसुरली पट्टी वायर लावून शेवटची वाजवली आणि आवाज कॉम्प्युटरात उतरवला. पट्टीचा तिथंच भुगा झाला. दुकानदार म्हणाला, तबकडीवर आणखी एक नक्कल देतो. साडूभाऊ घाबरले. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षर पुसट होतं हे त्यांनी कचेरीत पाहिलेलं. "नकलंनं अस्सल पातळ व्हतं," म्हणाले, आणि एकुलता एक आवाज मांडीवर घेऊन घरी आले.

तो आवाज आत कुठं ठेवलाय हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मायच्या वर्षश्राद्धाला ते आम्हा सर्वांना खोलीबाहेर काढायचे. आत काही खुडबूड व्हायची. मग दार उघडायचं, आम्ही जमिनीवर बसायचो आणि त्या पिवळ्या डब्यातून एक म्हातारा, किंचित चिरका, पण काळजाला हात घालणारा गळा निघायचा. साडूभाऊ पूर्ण वेळ माऊसवर बोट ठेवून उभे. पाळण्याचं शेवटचं कडवं संपलं रे संपलं की टक्कन बंद. पुढं नुसती खरखर आहे, म्हणायचे. मग आम्ही पुन्हा बाहेर, आत पुन्हा खुडबूड.

आता मुख्य प्रसंग. संगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं, आणि पणजीच्या आवाजातच पाळणा व्हायचा असं घरात ठरलं. बारशाच्या आदल्या दिवशी साडूभाऊंनी चाचणी घ्यायला कॉम्प्युटर लावला, तर तो कण्हला, घरघरला आणि म्हणाला, आत जागा नाही. पुन्हा लावला तर तेवढंही म्हणेना, नुसता पडद्यावर वाळूचं घड्याळ दाखवत बसला. वसमतहून दुरुस्तीवाला आला. त्यानं वाकूनसुद्धा न बघता निदान केलं, "फॉरमॅट मारू. सगळं साफ. नव्यासारखा व्हईल." साडूभाऊंनी त्याला चहा दिला, पाणी दिलं, पानसुपारी दिली आणि वेशीपर्यंत स्वतः सोडून आले, तो परत फिरणार नाही याची खात्री करायला. मग मला फोन. त्या काळात आमच्या हिंगोलीच्या बँकेत नुकतेच कॉम्प्युटर आले होते आणि मी त्यावर बोटं चालवतो, एवढ्या भांडवलावर नात्यागोत्यात माझी कीर्ती पसरली होती. फोनवर साडूभाऊंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. "पाव्हणं, अशाल तसे या. लई तकलीफ हाय. फोनवर सांगता येत न्हाई, भिंतीला कान असतात."

मी पोचलो तेव्हा दुपार होती. पलीकडच्या खोलीत शेगडीचा धूर, संगी आणि बाळ. तिनंच हा उपद्व्याप केला असता, पण आक्काचा हुकूम होता की बाळंतिणीला कॉम्प्युटरचा वारा लागू द्यायचा नाही. इकडं मी खुर्चीवर, आक्का दारात, आणि साडूभाऊ माझ्या मानेमागं. त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. कॉम्प्युटर बराच वेळ कुरकुरून कसाबसा उघडला.

"घाबरू नका," मी नाटकवाल्यासारखा हात उंचावला. "सुरक्षितपणे जागा करायची म्हणजे काय, तर जे आपण आणून टाकलं आणि कधी वापरलं नाही, ते आधी काढायचं. यंत्राचं स्वतःचं जे आहे त्याला हात लावायचा नाही. आणि ज्याची ओळख पटत नाही ते ठेवायचं."

"वळख पटत न्हाई ते ठिवायचं," साडूभाऊ म्हणाले. "मंग सगळंच ठिवा."

पहिला बळी जर्मन भाषा. काढताना मध्येच पडद्यावर एक खिडकी उघडली. मी मोठ्यानं मराठी करून वाचलं, "ही फाईल आता दुसरं कोणी वापरत नसावं. पण वापरत असलं तर ते बंद पडू शकेल. काढू का?"

"नसावं?" साडूभाऊंचा आवाज फाटला. "नसावं म्हंजे? त्याच्या घरातलं त्यालाच ठाव न्हाई, आन् आपल्याला इचारून राहिलं?"

"ठेवतो," मी म्हटलं. ती फाईल ठेवली, जर्मनी काढली. मग मोटारी गेल्या. मासे गेले. प्रत्येकाच्या वेळी साडूभाऊ डोळे मिटून घेत आणि उघडल्यावर विचारत, "चालू हाय ना आजून?" मग आम्ही तात्पुरत्या फायलींपाशी आलो. कॉम्प्युटर काम करताना इकडंतिकडं टाकतो आणि उचलायला विसरतो ती ही रद्दी. नावं म्हणजे नुसत्या वाकड्यातिकड्या खुणा आणि आकडे.

"ह्यांना नाव न्हाई, पाव्हणं."

"म्हणून तर काढायच्या."

"नाव नसलेल्याला हात लावू न्हाई. शिवंवरच्या दगडाला आपन हात लावतो का?"

"आवो, शिवंवरचा दगड घरात आनून ठिवला असता तुमी!" आक्का दारातून कडाडली. "काढा भाऊजी, ह्यांचं काही ऐकू नका. सांजच्याला घुगऱ्या भिजवायच्यात मला."

काढल्या. कॉम्प्युटरचं कण्हणं जरा कमी झालं, पण जागा अजून पुरेशी होईना. तेव्हा मी ती सफाईची यादी उघडली, जिथं कुठल्या कोपऱ्यात किती पसारा आहे ते दिसतं. आणि मी खुर्चीत उडालोच. सगळ्यात मोठा ढीग होता कचऱ्याच्या डब्यात! पुसलेल्या फायली पडद्यावरच्या ज्या डब्यात जाऊन पडतात तो डबा. जन्मात काही न फेकलेल्या माणसाचा कचऱ्याचा डबा काठोकाठ भरलेला!

"साडूभाऊ! छुपे रुस्तुम! चोरून चोरून फेकता की!" मला हसू आवरेना. "हा डबा एकदा उलटा केला की तुमचं काम झालंच."

कानाला लागणारा श्वास थांबला होता.

"नगं," एवढंच आलं, बारीक.

"काहून नगं?" आक्का. "कचराच हाय ना त्यो?"

"हाय… पन नगं."

"काहून पन?"

मी वळून पाहिलं तर साडूभाऊंचा चेहरा हळकुंडासारखा, ओठ हलताहेत, शब्द नाही. माणूस काहीतरी सांगू बघतो आणि कुणीतरी आतून त्याचा गळा धरून ठेवतो, तसं. मला वाटलं नेहमीचंच. मी डब्यावर खूण केली आणि पुढं झालो. पडद्यावर तो प्रसिद्ध प्रश्न आला, तुम्हाला खात्री आहे का?

"दाबा भाऊजी," आक्का म्हणाली. "कचरा फेकाया काय मुहूर्त लागतो?"

मी 'होय'वर बाण नेला आणि बटण दाबलं. त्याच क्षणी माझ्या खांद्यात पाच बोटं रुतली आणि साडूभाऊंचा घोगरा आवाज आला, "पाव्हणं… माय हाय त्यात."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. माऊसचं बटण नुसतं दाबल्यानं काही होत नाही. दाबलेलं बोट उचललं, की होतं. माझं बोट खाली होतं. उचललं की माय गेली. मी आजवर पुरात सापडलोय, एकदा माझ्या पायावरून साप गेलाय, पण त्या एका बोटाइतकी भीती मला कशाचीच वाटलेली नाही. बोट माझं, पण ते आता माझ्या मालकीचं नव्हतं. आधी ते गार पडलं, मग त्याला घाम सुटला.

"उचलू नका!" साडूभाऊंनी दोन्ही हातांनी माझं बोट बटणावर दाबून धरलं. आता आम्ही दोघं मिळून मायला धरून होतो.

"मी वायर उपटू का?" आक्कालाही आता रडू फुटलं.

"न्हाई! हात लावू नको कशाला!"

"मंग लाईट जायची येळ झाली की! रोज ह्याच टायमाला जाती!"

कुरुंद्याची लाईट बाकी कशात नसली तरी जाण्यात वक्तशीर होती. दाबलेल्या बोटानिशी लाईट गेली तर काय होतं, हे कुठल्याच पुस्तकात मी वाचलेलं नव्हतं. खोलीत हळदीचा वास, पंख्याची करकर, आणि पडद्यावर तो प्रश्न शांतपणे आमची वाट बघत उभा. साडूभाऊ पुटपुटत होते, "माय, जराक थांब… जराक थांब…" 

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून, धुरातून, संगीचा आवाज आला. तिला सगळं ऐकू जात होतं. "काका! बोट दाबलेलंच ठिवा. तसाच बाण बाजूला वढा, मोकळ्या जागंवर. आन् मंग सोडा!"

"खात्री हाय का गं?" साडूभाऊ ओरडले.

"बाबा, लेकरू उठलं तर तुमीच घ्यायचं बरं का! वढा!"

आम्ही दोघांनी चार हातांनी तो माऊस असा सरकवला, जशी दिंडी दरवाजातून आजाऱ्याची बाज काढतात. बाण 'होय'वरून घसरला, काठावर आला, मोकळ्या करड्या जागेत गेला. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. बोटं उचलली.

काही झालं नाही. प्रश्न होता तिथंच होता. मी 'नाही'वर टिचकी मारली. आणि मग लाईट गेली. तिघांपैकी कुणीच हललं नाही. पलीकडं बाळ मात्र रडायला लागलं आणि ठरल्याप्रमाणे साडूभाऊ तिकडं गेले.

लाईट आल्यावर डबा उघडून पाहिला. आत मायचा पाळणा होता. संगीच्या लग्नाचे फोटो होते, तिच्या प्रमाणपत्रांची चित्रं होती. घरात जे जे म्हणून मोलाचं, ते सगळं कचऱ्यात, आणि जर्मनी मात्र कपाटात! संगीनं एकदा सांगितलं होतं म्हणे, "बाबा, हा कचऱ्याचा डबा, इकडं कोणी बघत न्हाई." बस. एवढंच वाक्य त्यांना पुरलं होतं, आणि ऐवज बाणानं ओढत नेऊन त्यात सोडला की यंत्र तो खात्रीचा प्रश्नही विचारत नसे. माझी मती गुंग झाली. मी जरा दरडावूनच सांगितलं की हा उकिरडा निराळा आहे, याला ठराविकच पोट आहे, ते भरलं की तळचं जुनं न विचारताच नाहीसं होतं. आणखी एखादा ऐवज पुरला असता तर पणजीबाई आपोआप गेल्या असत्या.

"न इचारता?" साडूभाऊ मटकन पोत्यावर बसले. आजवर ज्या प्रश्नाची ते भीती बाळगत आले, तो प्रश्न विचारलाच न जाण्याची भीती त्यांना पहिल्यांदा शिवली. त्या दिवशी फुकट तबकड्यांतलं उरलंसुरलं काढून जागा केली, मायला बाहेर काढलं, तिच्यासाठी नवं घर केलं. नाव द्यायला साडूभाऊंनी फार वेळ घेतला आणि शेवटी 'जर्मन भाषा' असं दिलं. "कोन उघडतंय?" म्हणाले. नकलेच्या तबकडीलाही ते राजी झाले. अस्सल पातळ झालं की काय हे बघायला त्यांनी नंतर ती ऐकून पाहिली आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

दुसऱ्या दिवशी बारसं. खोली बायकांनी भरलेली, पाळण्याला झेंडूची माळ, घुगऱ्यांची पातेली. कॉम्प्युटर न कण्हता चालू झाला. साडूभाऊंनी पाळणा लावला आणि बोट माऊसवर ठेवून उभे राहिले, तेवढ्यात आक्कानं "धरा जराक" म्हणून कुंची घातलेला नातू त्यांच्या हातात दिला. एक हात मानेखाली, एक हात पाठीखाली. दोन्ही हात गेले. ते तसेच खाली टेकले. माय गात होती. म्हाताऱ्या बायांनी पदर डोळ्यांना लावला, त्यांतल्या कित्येकींची लेकरं याच गळ्यावर निजली होती. शेवटचं कडवं आलं आणि साडूभाऊ कासावीस झाले. मला भुवयांनी, हनुवटीनं, मानेनं खुणावू लागले, बंद करा, बंद करा. मी कॉम्प्युटरपासून हातभर अंतरावर होतो. खूण मला चांगली कळली. पण आदल्या दिवसानंतर त्या यंत्राच्या बटणावर बोट ठेवायचं धाडस माझ्यात उरलं नव्हतं.

पाळणा संपला. खरखर सुरू झाली. आणि त्या खरखरीतून, गाण्याच्या नव्हे, रोजच्या बोलण्याच्या आवाजात माय म्हणाली, "झालं का रे? बरं, आता पुसून टाक ते. भजनाची पट्टी नासली माझ्यापायी. उगं जागा काहून अडवायची?"

मग दुसरा एक आवाज, तरणा, ओळखू न येण्याइतका तरणा, "व्हय माय. आत्ता पुसतो." आणि खटकन बटणाचा आवाज.

पाळण्याची दोरी धरलेली बाई दोरी तशीच धरून राहिली. सगळ्यांच्या नजरा साडूभाऊंकडं. ते मांडीवरच्या लेकराला सावरत त्या पिवळ्या डब्याकडं बघत होते, शाळकरी पोरगं चूक सापडल्यावर बघतं तसे. आणि सगळ्यांच्या देखत ते मोठ्यानं बोलून गेले,

"माय, पुसायलाच बसलो व्हतो गं… पन ते इचारतं ना, खात्री हाय का म्हनून!"